फळ्यावरचे दोन बिल्ले

सोमवार, ४ फेब्रुवारी

आलो एकदाचा. सव्वाआठला बॅग खांद्याला लावून फाटकाशी पोचलो तर कुलूप. नव्या नोकरीचा पहिला दिवस आणि मी अर्धा तास रस्त्यावर उभा राहून समोरच्या खांबाचे इन्सुलेटर मोजत होतो. तीस वर्षं ज्याने खांबावर काढली त्याला दुसरं काय सुचणार? एक तडकलेला निघाला. फाटक उघडल्यावर ऑफिसातल्या बाईंना नमस्कार करायच्या आधी मी तेच सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की आजच परत पाठवतात की काय असं वाटलं.

जागा मात्र झकास आहे. पूर्वीचं गोदाम. आता इथे उंचीवर काम करायचं प्रशिक्षण देतात. इलेक्ट्रिकचे ठेकेदार आणि त्यांची माणसं दोन दिवसांचा कोर्स करतात, कारण त्या सर्टिफिकेटाशिवाय त्यांना आता कुठल्याही साइटवर चढू देत नाहीत. मधोमध बारा मीटरचा लोखंडी मनोरा. एका कडेला दोन खांब, पत्र्याचं उतरतं छप्पर, तीन तऱ्हेच्या शिड्या. मनोऱ्याच्या माथ्यावर आडवी तुळई आहे आणि तिच्यावरून सरावाचे दोर सोडलेत. माणसाला पट्ट्यांसकट हवेत लटकवून शिकवायचे ते हे दोर. ते अर्ध्या उंचीपर्यंतच येतात, आणि तिथेच मनोऱ्याची मधली फळी आहे.

राहायला मागची खोली. पलंग, शेगडी, खिडकीतून मनोऱ्याचा माथा दिसतो. ही आणि पोरगी जुन्या घरीच आहेत. बरं घर मिळालं की हिला बोलावतो. पोरगी काही येणार नाही. ती तिकडे एका ठेकेदाराकडे वायरिंग करते, आणि जॉइंट माझ्यापेक्षा चांगला मारते. हे तिला कधी सांगितलं नाही. इथे लिहायला हरकत नाही.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

पहिली बॅच. बारा जण, सगळे आधीच सर्व काही येणारे. मीही असाच होतो, म्हणून राग येतो आणि हसूही येतं. एकाने हार्नेसच्या मांड्यांचे पट्टे इतके ढिले बांधले होते की आतून आणखी एक माणूस गेला असता.

त्यांना लटकवलं तेव्हा आवाज बंद झाले. पडण्याची भीती सगळ्यांना असते, पण पडून दोरावर अडकल्यानंतरची कुणाला नसते. पट्टे मांड्यांत रुततात, रक्त पायांत उतरतं आणि वर चढत नाही. धडधाकट माणूससुद्धा नुसता लटकून पंधरा-वीस मिनिटांत जाऊ शकतो. म्हणून दोराचा फास करून त्यात पाय रोवायचा, पायांवर भार घ्यायचा. आणि खाली उतरवल्यावर एकदम आडवं पाडायचं नाही, बसतं ठेवायचं, नाहीतर साचलेलं रक्त धाडकन छातीकडे येतं. आम्हाला असंच शिकवलंय. मी स्वतः चार मिनिटं लटकून दाखवलं. खाली आल्यावर पाय माझे नव्हतेच, पण चेहरा मास्तरचा ठेवला.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

इथला खरा राजा म्हणजे दोरीमामा. स्टोअर सांभाळतो, अकरा वर्षं इथे आहे, प्रत्येक दोर रोज बोटांनी चाचपतो. सगळे त्याला मामाच म्हणतात, त्याच्याहून मोठे असलेलेसुद्धा.

मनोऱ्याच्या पायथ्याशी एक फळा आहे, त्याला सोळा खिळे. चढायच्या आधी प्रत्येकाने आपल्या नंबराचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा आणि उतरल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. फळा रिकामा म्हणजे वर कुणी नाही. यात नवीन काही नाही. लाइनवर काम करताना आम्हीही मेन स्विचला आपापलं कुलूप लावून किल्ली आपल्याच खिशात ठेवतो. दुसऱ्याने कुलूप काढलं आणि तू वर असलास, की तुझी राख.

पण मामा भलताच कडक. काल एकजण बिल्ला विसरून निघून गेला तर मामा स्कूटर काढून बस स्टॉपवर गेला आणि त्याला मागे बसवून घेऊन आला. माणूस शिव्या देत होता. मी मध्ये पडलो, म्हटलं तो डोळ्यांदेखत खाली उभा आहे, मीच काढतो. मामाने माझा हात धरला. त्या म्हाताऱ्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. इथे दुसऱ्याचा बिल्ला कुणी काढत नाही, एवढंच म्हणाला. मी मनात म्हटलं, अकरा वर्षं एकाच स्टोअरमध्ये बसलं की डोकं असंच व्हायचं.

रविवार, १० फेब्रुवारी

घरून फोन. पोरीच्या ठेकेदाराने तिचं नाव मंगळवारच्या बॅचमध्ये घातलंय! बापाच्याच वर्गात लेक. हिने सांगितलं की ती गेला तासभर माझी नक्कल करतेय, पट्टा आवळा, हुक बघा, पुन्हा बघा. मी खोटंखोटं रागावलो. फोन ठेवल्यावर जाऊन मनोऱ्याचे सगळे नटबोल्ट तपासले. रविवार असून.

बुधवार, १३ फेब्रुवारी

कोर्स संपला. पोरगी पास झाली, आणि मी काही झुकतं माप दिलं नाही. उलट जास्तच छळलं. लटकायच्या पाळीला ती आणि दुसराच एक ठेकेदार शेजारी शेजारी होते. हा ठेकेदार अवाढव्य आणि हसरा, दोन दिवस सगळ्यांना हसवत होता. लटकल्या लटकल्या म्हणाला की माझं सोडा, तुळईला विमा आहे का ते विचारा. पोरगी इतकी हसली की दोरावर गिरक्या घ्यायला लागली.

संध्याकाळी घाई झाली. ठेकेदाराची गाडी फाटकात हॉर्न वाजवत होती. पोरगी बाकीच्यांबरोबर फोटो काढत होती, तिला साडेपाचची बस पकडायची होती. मामा दाढ काढायला गेलेला. फळा रिकामा झाल्याशिवाय बाई सर्टिफिकेटं देत नाहीत, आणि त्या टेबलावर पेन आपटत होत्या. फळ्यावर दोनच बिल्ले उरले होते, चार नंबरचा ठेकेदाराचा आणि अकरा नंबरचा पोरीचा. ठेकेदार फाटकातून ओरडला, काढा हो मास्तर तेवढा. मी काढला. मग अकराही काढला. आपल्या पोरीचा बिल्ला काढायचा, त्यात काय? लहानपणी तिच्या बुटांच्या नाड्या मीच सोडायचो.

ती मागून आली, रिकामा खिळा पाहिला आणि बोट नाचवत म्हणाली की बाबा, ज्याचा बिल्ला त्याने काढायचा, दोन दिवस कोण घसा फोडत होतं? मी म्हटलं, बस जाईल, पळ. ती पळाली. वळून हात केला.

छान दिवस गेला. खोली शांत वाटतेय.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

सकाळी दोर गोळा करायला गेलो. आठपैकी सहा नेहमीसारखे सैल. दोन ताठ. खाली काही नाही, नुसता हुक हवेत, आणि दोर असा ओढलेला की बोटाने टिचकी मारली तर वाजेल. वाटलं वर कप्पीत अडकला. चढून पाहिलं, अडकलेला नव्हता. मधल्या फळीवर उभं राहून हुक हलवून पाहिला तर तो हलला, पण जड, सावकाश, आणि परत आपल्या जागी आला. दुसरा त्याहून हलका होता.

मी उतरलो आणि पाणी प्यायलो. तीस वर्षांत दोराने मला कधी फसवलं नाही. भार असल्याशिवाय दोर ताणत नाही.

दहाच्या सुमाराला ऑफिसात फोन आला. ठेकेदाराची बायको. रात्रीपासून त्यांचे पाय निळे पडलेत, पलंगावर झोपलेले असून मला खाली घ्या म्हणून ओरडतायत, तुम्ही त्यांना तिथे काय केलंत? बाईंनी मला फोन दिला. मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला.

मामा सुजलेल्या गालाने आला. ताठ दोर पाहिले, मग फळ्याकडे गेला आणि विचारलं, कुणी काढले. मी सांगितलं. तो तिथेच पायरीवर बसला. आठ वर्षांपूर्वीच्या मास्तरने असाच एकाचा बिल्ला काढला होता. तो माणूस घरी गेला, जेवला, झोपला, आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणातच संपला. तोवर दोर ताठ होता. आम्हाला वर जी पंधरा मिनिटं मिळतात, ती त्या माणसाला घरी तीन दिवस पुरली. मामाचं म्हणणं, जो स्वतःच्या हाताने सुटत नाही तो वरच राहतो. मी ओरडलो, हे आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, तुझ्याआधीच्या दोघा मास्तरांना सांगितलं होतं. दोघेही हसले, आणि एकाने तर माझ्यादेखत मुद्दाम काढून दाखवायला हात घातला.

मी बिल्ले परत अडकवले. म्हटलं पोरीला बोलावतो, येऊन स्वतः काढेल. मामा मान हलवत राहिला. त्या माणसालाही भाच्याने पाठीवर घालून आणलं होतं. त्याने स्वतः काढला होता. काही झालं नाही.

घरी फोन केला. पोरगी जरा दमलीय, पायांना मुंग्या येतायत, एवढंच, असं ही म्हणाली.



शुक्रवार, १५ फेब्रुवारी

ठेकेदाराला हॉस्पिटलात नेलं. तपासण्यांत काही सापडत नाही, पण मांड्यांवर पट्ट्यांचे वळ उमटलेत, रुंदी मोजून आमच्याच हार्नेसची.

म्हणून आज सकाळी त्याला उतरवायचं ठरवलं. सुटकेचा संच घेऊन मी वर गेलो, मामा खाली. रोज शिकवतो तसंच केलं. ताठ दोराला आपला दोर जोडला, भार घेतला, वरचा हुक सोडला. भार आला. खरा भार, शंभर किलोच्या वर. इंच इंच सोडत गेलो. मामा दोन्ही हात पसरून खाली उभा, हवेला धरायला. मी ओरडत होतो की बसता ठेव, आडवा होऊ देऊ नकोस. पण जो दिसत नाही, हाताला लागत नाही, त्याला बसता कसा ठेवणार? जमिनीशी दोर एकदम सैल झाला.

अकरा चाळीस. ठेकेदाराच्या बायकोचा फोन बारा वाजता आला, तो गेला म्हणून. वेळ तीच होती.

मी त्याला मारलं. आधी बिल्ला काढून, मग उतरवून. दोन्ही वेळा भल्यासाठी.

दुसरा दोर ताठ आहे. तो तसाच ठेवला तर ती उद्या जाईल. उतरवला तर आत्ता. मी त्या दोराखाली बसून होतो. बाईंनी दोनदा विचारलं की सोमवारच्या बॅचचं काय. मी त्यांच्यावर खेकसलो, मग माफी मागितली.

दुपारी पोरगी फोनवर आली. आवाज बारीक. म्हणाली, बाबा, मी गादीवर आहे ना? मग मला खालची जमीन का दिसतेय?

मी म्हटलं, गादीवरच आहेस बाळा. मला रडू आवरलं नाही.

शनिवार, १६ फेब्रुवारी

सकाळी हिचा फोन, नुसतं रडणं. पोरीचे पाय गार पडले. डॉक्टर येऊन गेले, काही सांगत नाहीत.

पायांवर भार घ्यायचा, मीच शिकवतो ना. फास करून लावला तर नुसताच लोंबत राहिला, त्यात कुणाचा पाय येईना. मग मी मधल्या फळीवर चढलो, कमरेचा पट्टा मनोऱ्याला अडकवला आणि हुकाखाली जाऊन खांदे दिले. कसं सुचलं माहीत नाही. मेळ्यात दिसत नाही म्हणून रडायची तेव्हा तिला असंच खांद्यावर घ्यायचो.

आधी काही नाही. मग दोन टाचा. डाव्या खांद्यावर एक, उजव्या खांद्यावर एक. दोर सैल झाला.

खिशात फोन वाजला. ही ओरडत होती — पाय गरम झाले, पाणी मागितलं तिने, उठून बसतेय. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच उभ्या उभ्या मोठ्याने रडलो आणि खाली मामाही.

दोन तासांनी मामाला माझ्या जागी उभं केलं. त्याच्या खांद्यांना काही लागलं नाही. नुसती हवा. दोर परत ताठ, आणि फोनवर तिची किंकाळी. दहा मिनिटंसुद्धा दुसऱ्याला सोपवता येत नाही. ज्याने काढला त्याचेच खांदे चालतात.

परत उभा आहे. वही छातीशी धरून लिहितोय, हात मोकळे आहेत म्हणून. किती वेळ उभं राहायचं ते मामालाही माहीत नाही. विचारल्यावर तो दुसरीकडे बघतो.

रविवार, १७ फेब्रुवारी

उभा.

मामा बादलीतून चहा वर ओढून देतो. आणि भाकरीचे तुकडे. मी खातो. खायलाच हवं.

हिला सगळं सांगितलं. आधी म्हणाली डोकं फिरलंय तुमचं. मग मी मुद्दाम खांदा जरासा खाली केला — जरासाच — आणि पलीकडे पोरगी किंचाळली. तेव्हापासून ही फोन पोरीच्या उशाशी ठेवते आणि मी तिचा श्वास ऐकतो.

ती आज जेवली. हसलीसुद्धा. म्हणाली, बाबा, तुमचे खांदे थरथरतायत, बसा ना थोडा वेळ.

मी म्हटलं, नाही गं, मजेत आहे.

तिला बरं वाटतंय. पण भार कमी होत नाही. कालच्याएवढाच आहे — नाही, जास्त —

सोमवार, १८ फेब्रुवारी

नवी बॅच आली. बाईंनी त्यांना सांगितलं की मास्तर प्रात्यक्षिक दाखवतायत. बारा जण खाली माना वर करून उभे. एकाने टाळ्या वाजवल्या. मला ओरडून सांगायचं होतं, पण दम लागतो आणि दम लागला की खांदा हलतो.

मामा त्यांना बाहेर नेतोय. कुणीतरी फोटो काढतोय.

फोनची बॅटरी संपली. मामा चार्जर आणायला गेला. तिचा श्वास ऐकू येत नाही आता — फोन बंद म्हणून. फोन बंद आहे म्हणूनच.

पाय कमरेपासून लाकूड झालेत. हे चालेल. खांदे —

खांद्यांना काही कळत नाही. बधिर. टाचा आहेत की नाहीत — मान वर होत नाही, दोर बघता येत नाही. मामाला हाक मारली, तो स्टोअरमध्ये.

मी हललो नाही. मघाशी डोळा लागला, एक क्षण, पण हललो नाही. नसेन.

ती आहे. असणारच. पोरी, पाय दाब जरा, कळू दे —

ऑफिसातला फोन वाजतोय. वाजतोच आहे. बाईंनी उचलला. काचेतून दिसतायत. त्या ऐकतायत. खुर्चीवरून उठल्या. आता माझ्याकडे वर बघतायत आणि त्यांचा हात तोंडाव